भिंतीपलीकडची तुळई

बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये ती बसते. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून मोठे मुकादमसुद्धा. भिंतीपलीकडचं तिला वरून दिसत नाही. तिथे उभे असलेले इशारेवाले काका वॉकीटॉकीवर बोलतात आणि त्यांच्या शब्दावर ती ओझं खाली सोडते. नियम एकच: आवाज तुटला की हात थांबवायचा.

गेल्या आठवड्यात काकांची बॅटरी मध्येच संपली. ताईचा हात थांबला, पण जरा उशिरा. लोखंडी तुळई वेल्डरच्या खांद्याला घासून गेली. शर्ट फाटला, एवढंच. तो हसला. ताईला ते हसू पचलं नाही.

तेव्हापासून काका श्वास घ्यायला थांबले, तरी तिचा हात थांबे. ओझं हवेत हेलकावे खाई. घरी वाढतानाही नवरा बोलता बोलता थांबला की हातातला आमटीचा डाव अधांतरी.

"वाढ की! घास गिळतोय मी, बंद नाही पडलोय."

ती हसली नाही.

आज सकाळीच मुकादमांनी बजावलं, "असंच चाललं तर उद्यापासून वर दुसरा माणूस बसेल."

केबिनमध्ये तिने बूट काढले, तळवे गार पत्र्यावर टेकवले, सावकाश श्वास सोडला. एरवी एवढ्यानं छाती शांत व्हायची. आज झाली नाही. तुळई उचलून तिने वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"काका," खाली सगळे ऐकतात हे ठाऊक असूनही ती म्हणाली, "मला भीती वाटते. तुम्ही गप्प झालात की कुणीतरी चिरडलेलं दिसतं."

काकांचा आवाज खरखरत आला.

"हात्तिच्या! मला वाटलं, माझ्या आवाजाला विटलीस तू. आता तोंड मिटतच नाही बघ. बायको म्हणतेच, ह्यांना बंद करायचं बटण नाही."

वेल्डर नवी बॅटरी घेऊन काकांशेजारी येऊन उभा राहिला.

"खाली, खाली, येऊ दे, खाली..." काका बोलतच राहिले. तुळई भिंतीआड गेली. आणि काकांना ठसका लागला.

तिचा हात थांबला.

"आता काय झालं?" मुकादम खेकसले.

"ओरडू नका," वेल्डरचा आवाज यंत्रातून आला. "बरोबर थांबल्यात त्या. मी तुळईखालीच उभा होतो."

कुणी घाई केली नाही. काका पाणी प्यायले, खाकरले, पुन्हा सुरू झाले. तुळई जागेवर बसली तेव्हा ताईच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"दुसरी तुळई लावतो," मुकादम म्हणाले. मग जरा थांबून, "उद्या वेळेवर ये."

ती "हो" म्हणाली. दुसऱ्या तुळईसाठी तिने हूक खाली सोडला.