गुडघ्याएवढं पाणी

"हा थेंब आहे की भोपळा?"

पुनर्वसन खात्याचा साहेब म्हणाला आणि पुराच्या बैठकीला जमलेलं कोल्हापुरातलं ते अख्खं सभागृह हसलं.

फ्लेक्स माझ्या हातात होता. शिरोळकडं आमची नदीकाठची बौद्धवस्ती. वस्तीत पुराचं पाणी मागच्या खेपेला किती, यंदा किती, ते मी थेंबांनी दाखवलं होतं. मागणी एकच. वस्तीला उंचावर जागा द्या.

मी पत्रकं काढणारी. मोठं छापलं की लोक बघतात, एवढंच ठाऊक.

साहेबानं पट्टी मागवली. थेंबावर ठेवली. "पाणी दुप्पट, म्हणून उंची दुप्पट केलीत. पण रुंदीही दुप्पट केलीत. डोळ्याला चौपट दिसतं. बाई, तुम्ही घोषणा द्या. आकडे शिकलेल्यांना सोडा."

आमच्या गावचा सरपंच खिदळला, "साहेब, हिला पत्रकंच वाटू द्या की!"

मग साहेबाचा तक्ता लागला. एक निळी रेघ. गावात सरासरी पाणी गुडघ्याएवढं. सबब, जागा नामंजूर. लगेच चहा आला.

किळस आली. आमच्या दारांच्या चौकटी बुडाल्या होत्या. माझ्या म्हाताऱ्या आत्तीला घराच्या पत्र्यावरून उतरवलं होतं.

पण घरी आत्तीनंच विचारलं, "खरं हुतं न्हवं? मग फुगवलंस कशाला?"

साहेबापेक्षा ते जास्त लागलं.

मग शिकले. वाचनालयातली फाटकी पुस्तकं, फोनवरचे व्हिडिओ. सरासरी काय लपवते, ते शिकले. टेप घेऊन घरोघर फिरले. भिंतीवरची गाळाची खूण मोजली, गावठाणातलीसुद्धा. कागदावर एक घर, एक ठिपका, पाणी जेवढं तेवढ्या उंचीवर. सगळे ठिपके सारखे.

दोन घोळके झाले. गावठाणाचा घोट्याखाली. वस्तीचा डोक्याच्या वर. मधल्या मोकळ्या जागेत साहेबाची रेघ. तिच्यावर एकही घर नव्हतं.

एरवी आम्ही गावाबाहेर. भागाकारापुरते तेवढे गावात. थू!

पुढच्या बैठकीत तक्ता लावला.

"सरासरी बरोबरच आहे," साहेब म्हणाला.

"व्हय, गणित बरोबर हाय. आता त्या रेघेवरचं एक घर दाखवा."

कुणी हसलं नाही. साहेब मोबाईल चाळत म्हणाला, "अहवाल वर गेलाय."

जागा अजून मिळालेली नाही. आत्ती भिंतीला चुना मारते, गाळाची खूण तेवढी सोडते. मी आता एक बोटही फुगवणार नाही. आणि आमचं एकही घर त्या रेघेखाली बुडवू देणार नाही.