वाटेत उतरवलेले सहाशे ग्रॅम

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला जमिनीत बसवलेला लोखंडी वजनकाटा होता आणि त्याला चिकटून कोंबड्यांच्या खुराड्याएवढी केबिन. त्या केबिनीत सव्वीस वर्षं एकच बाई बसली. हजेरीच्या वहीत तिचं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कधी कोणावर आली नाही. ड्रायव्हर तिला तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठीमागं काटाबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि त्यातलं दुसरंच जास्त आवडायचं.

"टोचते म्हणून म्हणत असतील," ती म्हणायची. "टोचू दे. गुळगुळीत बाईला इथं कोणी भीक घातली नसती."

कारखाना भंगार वितळवायचा. ट्रक भरून यायचा, काट्यावर चढायचा, आवारात माल टाकायचा आणि रिकामा होऊन पुन्हा काट्यावर यायचा. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरला तो माल. दिसायला सोपं, पण मधे माणूस आला की सोपं काही उरत नाही. निघतानाच्या काट्याच्या चिठ्ठीवर बारा टन असलेला माल पोचेपर्यंत साडेअकरा व्हायचा. वाटेत कुठं तरी गाडी थांबायची, अर्धा टन उतरायचा आणि भरपाईला ताडपत्रीखाली पाण्याची पिंपं यायची, आवारात गुपचूप ओतायला. एकदा तर पोट सुटलेला एक क्लीनरच पत्र्यांखाली आडवा झाला होता. काटाबाईनं खिडकीतून हाक मारली, "बाहेर ये रे बाबा, तू अजून भंगारात निघाला नाहीस!" सगळं आवार हसलं. क्लीनरही हसला. पण शेरा काही चुकला नाही. चिठ्ठीवर तिनं लिहिलं, 'माल कमी, वाटेत उतरवला', आणि ड्रायव्हरची सही घेतली. पांढरी प्रत त्याला, गुलाबी प्रत कारखान्याला.

मोठा काटा वीस किलोच्या खाली बोलत नसे. त्यामुळं तांब्या-पितळेचं सुटं भंगार आलं की ते केबिनीतल्या छोट्या काट्यावर चढायचं. ते चढवून चढवून बाईचा उजवा हातच काटा होऊन बसला होता. तांब्याच्या तारेचं भेंडोळं तळहातावर घेऊन ती आकडा सांगायची आणि काटा मागाहून हो म्हणायचा.

आता तिच्या गुपिताचं. सात वर्षांपूर्वी काट्याचं सॉफ्टवेअर बसवायला एक इंजिनिअर आला होता. फावल्या वेळेत खेळायला त्यानं केबिनीतल्या कम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम टाकला आणि जाताना काढायला विसरला. दुपारी दोन ते तीन ड्रायव्हर जेवायला गेले की काटा मोकळा असायचा. त्या तासात बाई ट्रक चालवायची. बंदरावरून माल उचलायचा, डोंगर चढायचा, पलीकडं उतरायचं, पावसात काचेवरचे वायपर लावायचे. सगळं चार बोटांवर.

खऱ्या गाडीच्या चाकामागं ती जन्मात बसली नव्हती. लग्नानंतर नवऱ्यानं स्कूटर घेतली, तेव्हा ती म्हणाली होती, "मलाही शिकवा."

"तुला कुठं जायचंय? मी आहे ना सोडायला," तो म्हणाला होता. त्यानं सोडलं. अकरा वर्षं सोडलं, त्याच्या वेळेला, त्याच्या रस्त्यानं. मग स्कूटर मोडीत गेली आणि ती बसनं यायला लागली.

ड्रायव्हरांना गेमचा पत्ता लागलाच. खिडकीत डोकं घालून ते तिला शिकवायचे.

"मावशी, उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. गिअर खाली घ्या."

"पाय कसला मेल्या, बोट आहे."

"मग बोट उचला. ब्रेक तापतो."

सात वर्षांत तिनं एकदाही कमी माल पोचवला नाही. गेममध्येसुद्धा नाही. तिथं तर कोणी बघायलाही नव्हतं.

मग काट्यावर कॅमेरे आले. ड्रायव्हरनं कार्ड लावायचं, कॅमेऱ्यानं नंबर टिपायचा, वजन आपोआप कचेरीत. केबिनीला कुलूप लागलं. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं, की तुम्हाला काढत नाही, चिठ्ठ्या जुळवायचं काम घरून करा, पुढच्या सोमवारपासून. फक्त लॅपटॉप ज्याचा त्यानं घ्यायचा. बाई केबिनीतून उठताना चिठ्ठ्यांचं अर्धं वापरलेलं एक पुस्तक पिशवीत टाकून घेऊन आली. सव्वीस वर्षांत कारखान्याची एवढीच वस्तू तिनं घरी आणली.

बसमध्ये बसल्यावर तिला सोमवारपेक्षा दुपारच्या दोन वाजताची काळजी जास्त होती. लॅपटॉप घ्यायचाच आहे, तर तो ट्रक ओढणारा हवा. एवढंच तिला हवं होतं.

नवरा नोंदणी कचेरीतून वर्षापूर्वी निवृत्त झालेला. बाहेरच्या कुठल्याही खरेदीला तो पुढं आणि ती चार पावलं मागं, अशी घरची रीत. दुकानात शिरल्यावरही तसंच झालं. काउंटरमागच्या मुलीनं त्यालाच विचारलं, "काका, वापर कशासाठी?"

"साधं हिशेबाचं काम. साधाच दाखवा."

"आणि अधूनमधून गेम," मागून बाई म्हणाली.

मुलगी हसली. "नातवंडांसाठी का काकू?"

"नाही. मला."

नवऱ्यानं छताकडं पाहिलं, जणू पंखा कोणत्या कंपनीचा आहे हे आजच बघायला हवं होतं. पलीकडच्या काउंटरवर प्रिंटरची शाई घेत एक माणूस उभा होता. तो एके काळी नवऱ्याच्या हाताखाली कारकून होता. त्यानं मान वळवली आणि परत फिरवली.

मुलगी मात्र भली. तिनं नाक मुरडलं नाही. "कुठला गेम?" तिनं विचारलं, आणि ट्रकचा म्हटल्यावर तर खूश झाली. "मग फार महागाचा नको काकू. त्या झगझगीत दिव्यांच्या कीबोर्डवर पैसे घालू नका. मेमरी सोळाची घ्या, आठमध्ये काम होईल पण गेम कुरकुरेल. आणि ग्राफिक्सचं कार्ड वेगळं असलेला घ्या. त्याशिवाय डोंगर चढणार नाही ट्रक."

तिनं दोन लॅपटॉप पुढं ठेवले. एकाच कंपनीचे, एकाच राखाडी रंगाचे, जुळ्या भावांसारखे. नावातसुद्धा शेवटच्या अक्षराचाच फरक. "हा नुसता कामाचा. आणि हा कामाचाही, गेमचाही. फक्त जरा जड आहे. आत दोन पंखे आणि तांब्याच्या नळ्या असतात, तापू नये म्हणून."

"तांबं असेल तर जड असणारच," बाई म्हणाली. तिनं जड भाऊ उजव्या तळहातावर घेतला, डोळे मिटले. "दोन किलो तीनशे." मग हलका घेतला. "एक किलो सातशे."

मुलीनं दोन्हींची माहितीपत्रकं काढून पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. "काकू, तुम्ही सोनाराकडं होता का?"

"भंगारात होते."

जड लॅपटॉप तिथं दाखवण्यापुरताच होता. नवा चार दिवसांनी येणार होता. पैसे बाईनं स्वतःच्या खात्यातून भरले. "मी जातोच फिरायला इकडून, मी आणीन," नवरा म्हणाला. ती हो म्हणाली. पुढं कैक दिवस तिला त्या 'हो'चा राग येत राहिला.

मधले चार दिवस बाई चक्क गुणगुणत होती. खिडकीजवळचं टेबल तिनं पुसून घेतलं. एका ड्रायव्हरला फोन करून विचारलं, की गेमची जुनी नोंद कम्प्युटरवरून काढून आणता येते का, की पुन्हा पहिल्या ट्रकपासून सुरुवात? "आणता येते मावशी," तो म्हणाला, आणि कुणाकडून तरी ती एका पेनड्राइव्हवर घालून घरी पोचवलीसुद्धा. पाच ट्रक, सात वर्षं, सगळं अंगठ्याएवढ्या तुकड्यात.

पाचव्या दिवशी दुपारी नवरा खोकं घेऊन आला. "घे तुझं बाळ," म्हणत त्यानं ते तिच्या हातात दिलं.

तिनं हात तेवढ्या वजनासाठी ताठ केले होते. खोकं नको इतकं सहज वर आलं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि तिथं सपाट जमीन निघावी, तसं तिच्या हाताचं झालं.

तिनं खोकं टेबलावर ठेवलं, उघडलं, लॅपटॉप उजव्या तळहातावर घेतला. राखाडी, नवाकोरा, जुळ्यांपैकी एक. चार्जर हातात घेतला तर तोही मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ दिसत होता.

"अहो," ती म्हणाली, "वाटेत माल कुठं उतरवलात?"

"कसला माल?"

"सहाशे ग्रॅम."

तो हसला. मग हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे निघून गेले. "अगं, हलका आहे ना, तुलाच बरं. उचलायला सोपा."

"मी हमाली करणार होते का त्याची?"

"आणि डोळ्यांना त्रास. डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?"

"डॉक्टरांनी मला चष्मा सांगितलाय. लॅपटॉप नाही सांगितला."

"हे बघ, एक पैसा मी घेतला नाही," आता त्याचा आवाज चढला. "फरकाची रक्कम तुझ्या खात्यात परत गेलीये. बघ, मेसेज आला असेल."

"पैशाचं कोणी विचारलं?"

तो खुर्चीत बसला. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या त्यानं आता काढल्या, एकेक करून. मग चपलांकडं बघत बोलला, "बागेत बाकावर आम्ही सगळे बसतो. तो प्रिंटरवाला आला. सगळ्यांसमोर म्हणाला, काय साहेब, वहिनींना ट्रक घेऊन देताय म्हणे! त्या दिवसापासून मी दिसलो की हॉर्न वाजवतात तोंडानं. पॉं पॉं करतात. साठीचे बाप्ये. मी काय सांगणार त्यांना?"

"सांगायचं, हो घेऊन देतोय."

"तुला सोपं आहे बोलायला. तुला कुठं बाकावर बसायचंय?"

हे मात्र खरं होतं. तिला कुठल्याच बाकावर बसायचं नव्हतं. तिनं दुकानात फोन लावला. मुलीनं लगेच ओळखलं.

"काकू, काका म्हणाले तुमचा विचार बदलला. मी म्हटलं, फोन करून विचारू का? तर म्हणाले, कशाला, ती स्वयंपाकात असेल."

"परत घ्याल का?"

"खोकं उघडलं नसतं तर घेतला असता काकू. काकांनी इथंच उघडून सगळं चालू करून घेतलं. तुम्हाला त्रास नको म्हणून, म्हणाले."

फोन ठेवून तिनं पेनड्राइव्ह लावला. वाटलं, बघू तरी. गेम उघडला. तिचा निळा ट्रक बंदराच्या फाटकात उभा होता, जिथं तिनं सात वर्षांनी सोडला होता तिथंच. तिनं बोट दाबलं. ट्रक हलला, थांबला, हलला. झाडं आधी गेली आणि रस्ता मागाहून आला. पहिल्या चढावर सगळं चित्र जागच्या जागी गोठलं आणि आतला एकुलता पंखा दम लागल्यासारखा घरघरायला लागला.

"चालतोय की," नवरा मागून म्हणाला. "जरा हळू आहे इतकंच."

बाई उठली. पिशवीतून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि लिहू लागली. निघतानाचं वजन: दोन किलो तीनशे. पोचतानाचं वजन: एक किलो सातशे. फरक: सहाशे ग्रॅम. शेऱ्याच्या ओळीवर तिचा हात अडखळलासुद्धा नाही. 'माल कमी, वाटेत उतरवला.' पुस्तक तिनं नवऱ्यासमोर ठेवलं.

"सही करा."

त्यानं वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. थट्टा आहे म्हणजे निभावलं, असा हिशेब त्यानं केला. "वा! चांगलं आहे. कुठं करू?"

"चालक लिहिलंय तिथं."

आयुष्यभर कचेरीत सह्या केलेला माणूस. त्यानं झोकात सही ठोकली, खाली दोन टिंबंसुद्धा दिली. "झालं समाधान?"

तिनं पांढरी प्रत फाडून त्याच्या हातात दिली. गुलाबी प्रत लॅपटॉपच्या खोक्यात ठेवली.

शेरा बसलेल्या गाडीला कारखान्यात कधी बंदी नसायची, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. गाडी यायची, जायची, ड्रायव्हर मावशी म्हणायचा, ती उत्तर द्यायची. फक्त त्या गाडीनं बाहेरून आणलेली वजनाची चिठ्ठी मग कोणी वाचायचं नाही, खरं ते आपल्याच काट्याचं.

सोमवारी काम सुरू झालं. चिठ्ठ्या जुळवायला लॅपटॉप झकास होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. ट्रकचा गेम तिनं काढून टाकला आणि पेनड्राइव्ह बटणांच्या डबीत ठेवला. दोन वाजता ती जेवली. तीन वाजेपर्यंत खिडकीतून बघत बसली. समोर एक भिंत होती.

संध्याकाळी नवऱ्यानं चपला घातल्या. "बाकावर बसून येतो जरा. अर्ध्या तासात परत."

"बरं," ती म्हणाली.

दार लागलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडं पाहिलं, खोक्यातून गुलाबी चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर तो निघाल्याची वेळ लिहून ठेवली.