बाक फिरवणारा एल्वुड

सहाला दहा मिनिटं कमी होती आणि एल्वुड ट्रेक्सलर अजून डब्याच्या पुढच्याच टोकाला होता. बाकाची पितळी मूठ धरायची, पाठ पलीकडे लोटायची, खट्ट वाजलं की पुढचा बाक. रात्री आलेली गाडी सकाळी त्याच वाटेने उलटी जाई. हॅलिसबर्गला रूळ संपत. इंजिन दुसऱ्या टोकाला जोडता येई, पण डबा वळवायला जागा नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात गाडीच्या दिशेकडे पाठ करून कुणी बसत नसे. म्हणून बाक फिरवायचे. एकोणीस वर्षं ते काम कंडक्टरच्या हाताखालच्या ब्रेकमनचं, म्हणजे एल्वुडचं होतं.

मागून तिसऱ्या रांगेतला एक बाक मात्र तो तसाच ठेवी. तिथे रेशीम गिरणीतले चौघे समोरासमोर बसून पत्ते खेळत.

गेल्या फेब्रुवारीत बर्फाळ पायरीवरून घसरून त्याचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, पण जोर परत आला नाही. तेव्हापासून लवकर येणारे प्रवासी निम्मे बाक आपणच फिरवू लागले. तसं कुणी ठरवलं नव्हतं. एल्वुडनेही नको म्हटलं नाही.

आज मात्र पुढच्या बाकावर मांडीवर हॅट ठेवून स्टॉडर्ड बसला होता. त्याला मुख्य कचेरीने पाठवलं होतं. या गाडीवर कंडक्टर असताना आणखी एक माणूस कशाला हवा, हे त्याला पाहायचं होतं. तो माणूस म्हणजे एल्वुड. वय छप्पन्न.

दार उघडलं आणि थंडीबरोबर बर्था युरिच आत आल्या. त्यांची उभी हयात गिरणीत गेली होती.

"सरक, एल्वुड. साहेब आलेत म्हणे. आज तुझी गाडी कशी वेळेवर सुटते बघ!"

मागून सगळी गिरणीच आल्यासारखी गर्दी झाली. खट्ट, खट्ट, खट्ट. बघता बघता डबा तयार. पत्तेवाल्या स्टॅन कोवाल्चिकने हात झटकले. "बघा साहेब, आमच्याकडे असं काम होतं!"

"झकास," स्टॉडर्ड म्हणाला. "रोज असंच?"

"रोज!" बर्थाबाई म्हणाल्या.

दारातल्या कंडक्टर ओवेन प्रीसने डोळे मिटून घेतले. साहेबाला हवं तेच उत्तर मिळालं होतं.

"बर्थाबाई, उठा," एल्वुड म्हणाला.

"का रे?"

"सगळेच उठा. बाक फिरवणं माझं काम आहे."

"अरे, पण झालंय की ते!"

"म्हणूनच."

बर्थाबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा स्टॉडर्डकडे पाहिलं. मग जेवणाचा डबा सावरत उठल्या. एल्वुडने त्यांनी फिरवलेले बाक परत उलटे केले आणि पहिल्यापासून सुलटे करत आला. बहुतेक डाव्या हाताने. शेवटचे काही कोपराने रेटून. माणसं मधल्या वाटेत कोट सावरत उभी. स्टॅनने दोन्ही हात खिशात घातले होते. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली.

"खांदा?" वाटेत स्टॉडर्डने विचारलं.

"फेब्रुवारीत."

"कचेरीला कळवलं नाहीत?"

"तेव्हाच तुम्ही आला असतात."

स्टॉडर्ड हसला नाही. मागून बर्थाबाई म्हणाल्या, "साहेब, रोज म्हणजे... अधूनमधून हो."

"बाई, आता उशीर झाला," स्टॉडर्ड म्हणाला.

पुढचे तीन थांबे बिनफलाटाचे होते. एल्वुड पाटासारखा लाकडी ठोकळा पायरी म्हणून खाली ठेवी आणि चढणाऱ्या म्हाताऱ्यांना डाव्या हाताचा आधार देई. प्रीस तेव्हा तिकिटं फाडत असे. स्टॉडर्ड खिडकीतून पाहत होता.

आठवड्याभरात हुकूम आला. बिनफलाटाच्या थांब्यांवर सकाळी चढणारे जास्त, त्यामुळे सकाळच्या गाडीवर दुसरा माणूस राहील. संध्याकाळच्या गाडीवर नाही. बाकांचा उल्लेख नव्हता.

"अर्धा तरी वाचलास," प्रीस म्हणाला.

"कुठला अर्धा, ते बघावं लागेल," एल्वुड म्हणाला आणि उजवा हात कोटाच्या बाहीत घालायला त्याची मदत घेतली.

उद्या सकाळी सहा वीसच्या गाडीचे बाक एल्वुड फिरवेल आणि दुपारच्या बसने घरी येईल. संध्याकाळी पाच पंधराला, परतीच्या गाडीत, ते प्रवासी फिरवतील. मागून तिसऱ्या रांगेतला सोडून.