पंचफुलाची लेक भिक्खुणी झाली

नायगावच्या शाळेत पंचफुला पोरांची खिचडी शिजवायची. नवरा गेल्यावर त्याच कामावर तिनं एकुलत्या एका लेकीला, सत्यशीलाला, बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. सुट्टीत लातूरला मुलींचं श्रामणेरी शिबिर भरलं, थोडे दिवस चीवर घालून विहारात राहायचं, तेव्हा लेक म्हणाली, "जाऊन येते, आई." पंचफुलाला बरंच वाटलं. चार दिवस शील शिकेल, ध्यान शिकेल, मग स्थळं बघू.

शिबिर संपलं तशी ती लेकीला आणायला गेली. बाकीच्या पोरींनी चीवर उतरवून आपापले ड्रेस घातले, आयांच्या गळ्यात पडल्या. सत्यशीला भिंतीपाशी बसूनच राहिली. "मला आणखी शिकायचंय," एवढंच म्हणाली. पंचफुला बराच वेळ तिची समजूत घालत होती. शेवटी एकटीच परतली.

वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "नशीब काढलंस. लेक धम्माला दिलीस."

पंचफुला "व्हय" म्हणायची. पण तिनं दिली कुठं होती? लेक आपली आपण गेली होती.

पुढं काही वर्षं लेक दूर बिहारकडं शिकत राहिली. एका आषाढात निरोप आला, की आर्या सुमना वर्षावासाला हिमायतनगरजवळच्या विहारात आहेत. हे सत्यशीलाचं नवं नाव. पावसाळाभर ती तिथंच राहणार होती.

पंचफुलानं पहाटे उठून तिळकूट घालून वांगी केली, भाकरी थापल्या आणि भोकरला गाडी बदलून विहार गाठला. भोजनदानाच्या रांगेत उभी राहिली. सत्यशीला समोर आली ती पात्र धरून, खाली मान घालून. डोक्यावर एक केस नव्हता. पंचफुलानं भाकरी-भाजी पात्रात वाढली. नंतर कुणी वरण ओतलं, कुणी खीर. लेकीनं सगळं एकत्र कालवून गुमान खाल्लं. वांगी आवडली का, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी ध्यानाला बसवलं. डोळे मिटा, येणारा-जाणारा श्वास बघा, म्हणून सत्यशीलानंच सगळ्यांना सांगितलं. आवाज तोच होता. पंचफुलाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

बाया पांगल्यावर ती पुढं झाली, गुडघे, हात, कपाळ टेकून पंचांग प्रणाम केला.

"आर्याजी, मला श्वास दिसतच न्हाई. मला तुमची वेणी दिसते. शाळेत जाताना घालून द्यायचे, ती."

"दिसू द्या, उपासिका. हाकलू नका. आली, राहिली, गेली, एवढं बघायचं."

उपासिका हा शब्द पंचफुलाला लागला. मग तिनं भीत भीत विचारलं, "तुमाला येते का घराची आठवण?"

खोटं बोलायचं नाही, हे शील सत्यशीलानं घेतलं होतं.

"येते. रोज सकाळी बसलं की आधी घरच येतं."

"मग काय करता?"

"बसून राहते."

दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी ताटं घासत होतं.

त्यानंतर दर पुनवेला पंचफुला जात राहिली. वर्षावास संपला तेव्हा चीवरदानाचा मान गावकऱ्यांनी तिलाच दिला. तिनं घडी केलेलं वस्त्र लेकीच्या हातांवर ठेवलं. वस्त्राखाली लेकीची बोटं तिच्या बोटांना लागली. पंचफुलानं हात लगेच काढला नाही. लेकीनंही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला परत बिहारला निघून गेली.

आता पंचफुला शाळेत जायच्या आधी अंधारातच सतरंजी टाकून बसते. शेजारच्या नागुबाईनं एकदा विचारलं, "मन शांत होतं का गं?"

"न्हाई," पंचफुला म्हणाली. "पण ती बी याच वेळेला बसत असंल."