जन्मदाखल्यावरची बाई

कागदांवरची नावं जुळली नाहीत की माणसाला परत पाठवायचं, हे काम मी शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं करतोय. खिडकीतून कागद आत घ्यायचा, आधारकार्डाशेजारी धरायचा आणि म्हणायचं, "नावात फरक आहे. अ‍ॅफिडेव्हिट आणा." समोरचा म्हणतो, "साहेब, मीच हाय की त्यो." मी म्हणतो, तुम्ही असाल हो, पण कागद तसं म्हणत नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट, आपण चोख माणूस, असाच माझा समज होता.

माझी थोरली बहीण लग्नानंतर नवऱ्याबरोबर परदेशी गेली. पुष्कळ वर्षांनी तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं. एका हॉलमध्ये उभं राहून शपथ घेतली, फोटो पाठवला, पुसेगावात आम्ही पेढे वाटले. पण ती शपथ घेतली की इथला पासपोर्ट बाद होतो आणि तिकडचा पहिला पासपोर्ट मिळेपर्यंत माणूस कुठंच जाऊ शकत नाही. नेमकं त्याच महिन्यात मायचं हृदय थकलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लेकीला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." आणि ताईच्या पासपोर्टसाठी तिकडच्या साहेबाला हवा होता तिचा जन्मदाखला. तो तिच्याकडं कधीच नव्हता, पहिला पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला होता. म्हणजे ताई मायला भेटणार की नाही, हे एका कागदावर येऊन ठेपलं. कागद आणायचा मी.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताईची नोंद आखाडा बाळापूरला. दोन बस बदलून मी गेलो. ग्रामपंचायतीतल्या माणसानं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोटानं ओळी उतरत नोंद शोधून काढली. तारीख बरोबर. बापाचं नाव बरोबर, गाव पुसेगाव, तेही बरोबर. आईच्या रकान्यात मात्र भलत्याच बाईचं नाव होतं. ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं त्या नोंदीचा दाखला करून दिला, मी घडी घालून खिशात ठेवला.

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यानं कामाला सुरुवात केली. बापाची आधीची बायको असणार, तीही बाळापूरचीच. ती बाळंतपणात गेली असणार. ताई तिची, मी मायचा. मग जुन्या गोष्टी आपोआप जागेवर बसायला लागल्या. माय ताईवर जास्त का ओरडायची, ताई गोरी नि मी काळा कसा, बाप ताईला एवढा का जपायचा. बापाला जाऊन बारा वर्षं झालेली, त्याला विचारायची सोय नव्हती. मामाचं घर ग्रामपंचायतीपासून दहा मिनिटांवर होतं. तिथंही मी गेलो नाही. असं विचारायचं तरी कुठल्या तोंडानं?

ताईला मी सांगितलं, ग्रामपंचायतीचा माणूस रजेवर आहे. हे मी आठ दिवस सांगितलं.

त्या आठ दिवसांत मी रोज ऑफिसला गेलो. दोघांना नावातल्या फरकापायी परत पाठवलं. संध्याकाळी मायला चमच्यानं पेज पाजताना तिच्या तोंडाकडं बघायचो आणि मनाशी म्हणायचो, हिनं दुसरीची लेक वाढवली आणि कधी तोंडातून शब्द काढला नाही. कौतुक वाटायला हवं होतं. काहीच वाटत नव्हतं.

"कधी येऊन राहिली ताई?" माय विचारायची.

"कागदाचं चालू हाय, माय."

"मग काहून उशीर लागून राहिला? तू तर कागदाचाच माणूस."

नवव्या दिवशी ताई फोनवर भडकली. "त्यो माणूस रजेवर हाय का मेलाय? मीच मामाला धाडते तिकडं." मामा गेला असता तर सगळंच बाहेर आलं असतं. मी दाखल्याचा फोटो काढून तिला पाठवला. मनात म्हटलं, आता तिचं तिनं बघावं. पाच मिनिटांत तिचा व्हिडिओ कॉल आला. मी मायच्या खाटेपाशीच होतो. फोन घेऊन बाहेर जाईपर्यंत ताईनं आईच्या रकान्यातलं ते नाव मोठ्यानं, एक एक अक्षर सुटं करत वाचलं.

खाटेवरून आवाज आला, "ओ."

माय डोळे मिटून पडली होती. आता तिनं ते उघडले आणि दाराकडं बघायला लागली.

"आबा आले का?" ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील. मी बोलायला लागण्याआधीच वारलेले.

मी म्हटलं, "माय, हे नाव तुझं हाय?"

"मग कुणाचं?" तिला माझ्या अकलेची कीव आल्यासारखं दिसलं. "लगनात तुमच्या बापानं ताटात तांदूळ पसरले नि अंगठीनं दुसरं नाव काढलं. तवापासून ते दुसरं. पर आबांनी ते कधी तोंडात घेतलं न्हाई. म्हणायचे, नाव मी ठिवलंय, बदलणारे ते कोण?"

नातीची नोंद करायला आबा स्वतः गेले होते. आईचं नाव विचारल्यावर त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं, त्यांनी ठेवलेलं. त्यांच्या लेखी दुसरं नव्हतंच. आबांच्या माघारी तिला तसं हाकारणारं कुणी उरलं नाही, मामा तिला अक्का म्हणतो. आणि ते नाव बदलल्याचा पुरावा म्हणाल, तर एक ताटभर तांदूळ. ते लग्नातच शिजले. त्यांची झेरॉक्स मी कुठून आणणार होतो?

दुसऱ्या दिवशी जीप करून मायला हिंगोलीला नेलं. दोन्ही नावांची बाई मी एकच, असं अ‍ॅफिडेव्हिट करायचं होतं. तिला उतरवेना, म्हणून वकील शिक्क्याची पिशवी घेऊन जीपपाशी आला. "आजी, तुमचं नाव सांगा." मायनं आधी माहेरचं सांगितलं, मग सासरचं, आणि मग त्याला म्हणाली, "पहिलं मोठ्या अक्षरात लिवा." तो हसला. शाई लावलेला तिचा अंगठा मी कागदावर दाबून धरला. बोट गार होतं. माझ्या खिडकीवर अशी कितीतरी अ‍ॅफिडेव्हिटं मी न वाचता फाईलला लावली आहेत.

कागद गेले. तिकडच्या साहेबानं ते मान्य केले, ताईचा फोन आला, आता पासपोर्ट यायचाच बाकी. माय रोज विचारायची. एके सकाळी अर्धा कप चहा घेतला, भिंतीला टेकली आणि गेली. मी कपबशी विसळून पालथी घातली आणि मग लोकांना फोन लावले.

सहाव्या दिवशी ताईच्या घरी पासपोर्ट आला.

हिशेब सोपा आहे. माझे आठ दिवस गेले नसते तर पासपोर्ट माय जायच्या दोन दिवस आधी आला असता. दोन दिवसांत इकडं यायचा व्हिसा आणि विमान जमलं असतं की नाही, हे मी कुणाला विचारलेलं नाही. मायचा मृत्यूदाखला जोडून ताईला व्हिसा मिळाला, तो एका दिवसात मिळाला. तो दाखला करतानाही नाव मीच सांगितलं. आधारकार्डावरचं सांगितलं. ग्रामसेवकानं विचारलं, "दुसरं काही नाव?" मी म्हटलं, न्हाई. ताईचं काम पुन्हा अडायला नको होतं.

ताई तेराव्याला पोचली. बॅग ओसरीवर टाकून ती सरळ आत गेली. मायची खाट आम्ही अजून काढली नव्हती. मी दारात उभा होतो. आठ दिवसांचं तिला सांगायचं, असं ठरवून मी तिच्यामागं गेलो होतो. ती खाटेच्या कडेला बसली, गादीवरून हात फिरवला आणि तिनं मायला हाक मारली. आबांनी ठेवलेल्या नावानं, फोनवर वाचलं होतं तसं, एक एक अक्षर सुटं करत.

मग ती थांबली. मीही थांबलो. खाटेवरून कुणी ओ दिली नाही, आणि मी तिला काही सांगितलं नाही.