वहीतल्या लाद्या आणि खोलीतल्या लाद्या

मिस्त्रींनी चाळीस वर्षे लोकांच्या घरांत लाद्या बसवल्या आणि त्यांतली एकही पुढे जागची हलली नाही. प्रौढांच्या पहिल्या वर्गात ते स्वतःही दोन वर्षे तितकेच पक्के बसलेले होते. त्यांच्या पत्नी त्यांच्या मागाहून वर्गात आल्या आणि त्यांना ओलांडून दुसऱ्या वर्गात गेल्या. जेवताना त्या मोठ्या आपुलकीने विचारीत, की खालच्या वर्गात हल्ली काय चालले आहे.

गुरुजींची अट एकच होती : भागाकार नीट मांडून दाखवावा आणि वर जावे. पत्नीच्या शेजारची जागा रिकामी आहे, हे मिस्त्रींनी दारातून येता-जाता पाहून ठेवले होते. कोणाजवळ ते तसे बोलले मात्र नव्हते.

अशात मोठी माणसे गणित कसे शिकतात याचे संशोधन करणाऱ्या एक बाई वर्गात आल्या. त्यांनी वारंवार सांगितले, की ही परीक्षा नव्हे. त्यामुळे ही परीक्षाच आहे, अशी मिस्त्रींची खात्री पटली. मापे घ्यायची नेहमीची सुतळी त्यांनी खिशात तळाशी दडवली. त्यांच्या मते सुतळीने गणित सोडवणे म्हणजे सरळसरळ कॉपी होती.

बाईंनी गणित घातले : खोलीची रुंदी तीनशे चाळीस सेंटिमीटर, लादी साठची, तर एका ओळीला लाद्या किती? मिस्त्रींनी घाम पुसत भागाकार मांडला. भाग पाच वेळा गेला, बाकी चाळीस उरली. ती टाकून देणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी टिंब देऊन तिला शेजारी बसवले आणि ५.४० या उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

बाईंनी चूक म्हटले नाही. दुकानातून किती लाद्या आणाल, एवढेच विचारले.

"सहा," मिस्त्री म्हणाले.

"मग काका, वहीत हे काय?"

"वहीत पाच पॉइंट चाळीस येतात, बाई. खोलीत सहा लागतात."

बाई भराभर लिहू लागल्या. मिस्त्रींना वाटले, आपला निकाल लागला. आता लपवण्यासारखे काही उरले नाही, म्हणून त्यांनी सुतळी काढली आणि समजावून सांगितले. पाच अख्ख्या बसवल्या तर दोन्ही भिंतींशी वीस-वीसची चिंधी राहते, ती डोळ्यांना खुपते. म्हणून अख्ख्या चारच घ्याव्यात, म्हणजे कडेला पन्नास-पन्नासचे ऐसपैस तुकडे येतात. ही वजाबाकी केव्हा केली, असे बाईंनी विचारले. वजाबाकी केलीच नाही, एक लादी उचलून घेतली, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

गुरुजी मागे उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "चाळीस म्हणजे लादीचा कितवा भाग, ते सुतळीने सांगा."

मिस्त्रींनी साठची सुतळी मोजून घेतली, तिच्या तीन घड्या घातल्या आणि दोन घड्या चिमटीत धरल्या. "तिनातले दोन."

"तेच टिंबाच्या जागी लिहा."

मिस्त्रींनी लिहिले : पाच पूर्णांक दोन तृतीयांश. गुरुजींनी ते पाहिले आणि आपले रजिस्टर उघडले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. पत्नीने मान वर न करता बाकावर थोडे सरकून घेतले.

"सुतळी आणलीत ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मग बसा. आम्हांला आज अपूर्णांक आहेत."