सायकलीची खांदेमळण

अहमदपूरपासून सात किलोमीटरवर एक गाव होतं, अजून आहे. त्या गावात एक म्हातारी होती, ती म्हणजे मी, पार्वती. माझा लेक भानुदास, गवंडी. त्याची बायको सुनंदा. त्यांची एकुलती एक लेक मुक्ता. अन् पाचवी एक सायकल. चार माणसांचे कमी अन् त्या एका सायकलीचे जास्त, असे किस्से आमच्या घरात साचले. तेल लावलेल्या चैनीवर धूळ साचते ना, तसेच. एक पुसावा तर त्याच्याखाली दुसरा. पापड लाटायला बायका जमल्या की म्हणतात, "पारूबाई, सायकलीचं सांगा की." मी सांगते, त्या हसतात, मीही हसते. पण त्यातलं निम्मं हसण्यासारखं नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

सायकल आली तीच जुनी. एका मास्तरांची पोरगी नांदेडला कॉलेजात गेली, तिची. आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा, पुढं अहमदपूर. शाळेच्या वेळेला गाडी नाही. भानुदासकडं मोटारसायकल, पण काम रोज नव्या गावात, पोरीला ने-आण करायला त्याला सवड नव्हती, अन् खरं सांगायचं तर मनातही नव्हतं. त्यानं सायकल दारात उभी केली अन् सगळ्यांसमोर सांगितलं, "ही चालतीय तवर साळा. ही बसली की साळा बसली."

माझा जीव तिथंच त्या सायकलीत अडकला. मी स्वतः शाळेची पायरी चढले नाही. माझ्या माहेरी, निलंग्याकडं, तेलाचा घाणा होता. घाण्याच्या बैलामागं फिरण्यात माझं लहानपण गेलं. म्हटलं, अक्षर कळत नाही तर नाही, तेल तर कळतं. ही सायकल मी बसू देत नाही.

*

पहिलं तेल करडईचं. घाण्याचं, पिवळंधमक, वाटीभर ओतलं चैनीवर. चार दिवस सायकल अशी पळाली की मुक्ता म्हणाली, "आजी, पायडल मारावंच लागंना."

आठव्या दिवशी पायडलच फिरेना. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की वाळून डिंक होतं. घाण्याच्या लाकडावरचा तो चिकटा मी पोरवयात विळ्यानं खरवडलेला आहे. जन्मात विसरले नाही, फक्त त्या दिवशी आठवलं नाही. त्यात रस्त्याची धूळ. पोरगी अर्ध्या वाटेपासून सायकल ढकलत शाळेत गेली अन् पहिले दोन तास वर्गाबाहेर उभी राहिली.

अहमदपूरच्या स्टँडजवळ रशीदभाई पंक्चरवाले बसतात. शनिवारी मी स्वतः गेले सोबत. त्यांनी चैनीला बोट लावलं, वास घेतला अन् माझ्याकडं बघितलं. "अम्मा, चैन कू तेल दिये के भजे तले?"

मी म्हटलं, "घरचं हाय, भेसळ न्हाई."

"वईच तो. खाने का तेल खाने में डालो अम्मा, सायकल में नक्को."

ऐकायला पाहिजे होतं. पण सायकलवाल्याला तेलातलं काय कळतंय, असं मला वाटलं.

*

रेशनचं रॉकेल बंद होऊन किती दिवस झाले. तरी एक बाटली मी ट्रंकेमागं जपून ठेवली होती. त्यात चिंधी बुडवून तो डिंक पुसला. चैन अशी निघाली, जशी नवरीच्या गळ्यातली. मला इतका आनंद झाला की वर काही लावायचंच सुचलं नाही. साफ केली म्हणजे झालं.

कोरडी पडलेली चैन ओरडायला लागली. साधंसुधं नाही. मुक्ता वेशीत असली की आम्हाला घरात कळायचं. सुनंदा तवा चुलीवर ठेवायची ती त्या आवाजावर. शेजारच्या पारावरचे म्हातारे म्हणायचे, "टिटवी आली."

एका संध्याकाळी भानुदास घरीच होता. आवाज ऐकून त्यानं मान वर केली. "बसायला लागली का ही?"

"न्हाई रे," मी म्हटलं, "जुन्या सायकली बोलतात."

"लई बोलून राहिली." एवढंच म्हणाला. पण त्याची नजर मला कळली. तो वाट बघत होता.

*

मग खोबरेल. डोक्याला चालतं तर चैनीला का नाही? चाललं, दिवाळीपर्यंत. शाळेत पोरी मुक्ताच्या मागं वास घेत फिरायच्या म्हणे. पण थंडी पडली अन् एका पहाटे बाटलीतलं तेल गोठलं, तसं चैनीतलंही गोठलं. पांढरं, घट्ट. मुक्ता पायडलवर उभी राहिली तरी सायकल जागची हलेना. अन् त्या दिवशी तिची चाचणी.

मी शेगडीत निखारे घेतले अन् सायकलीच्या पोटाखाली सरकवले. सुनंदा चहा घेऊन बाहेर आली, बघतच राहिली.

"आत्याबाई, बाळंतिणीगत शेक देताय का काय तिला?"

"तू गप. पाणी आण, टायर तापला तर लागंल."

"डिंकाचा लाडू बी आणू का?"

मुक्ता इतकी हसली की तिला सायकलीवर बसता येईना. तेल पातळ झालं, पोरगी वेळेवर पोचली. हा एक किस्सा मी सांगताना माझं मन जड होत नाही.

*

पावसाळ्यात मात्र मला यश आलं, अन् तेच वाईट झालं. हँडलवर, नटांवर गंज चढला होता. चिंच अन् राख लावून घासला, जसा तांब्या घासतो. कोरडं करून वर थंडीत ओठाला लावतात ते व्हॅसलीन चोळलं. सीटला दुकानातली जाड पिशवी बांधली. अख्खा आषाढ अन् श्रावण सायकलीला गंजाचा ठिपका लागला नाही. गल्लीतल्या दोन बाया मला विचारायला आल्या, "पारूबाई, आमच्या बी सायकलीला काय लावावं?" मी पाटावर बसून सल्ले द्यायला लागले. माणसाला अक्कल आहे असं चारजण म्हणाले की ती जाते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद अन् लोणी चोळायचं अन् त्याच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आमचे बैल विकून बारा वर्षं झाली होती. दर पोळ्याला माझे हात रिकामे राहायचे. त्या वर्षी मुक्ता दहावीला. मी दारात बसले होते, समोर सायकल. मनात आलं, पोरीला अन् तिच्या दप्तराला रोज वाहून नेणारं या घरात आता हेच एक जनावर. हिचे खांदे कोण मळणार?

हळद कालवली, लोणी घेतलं. हँडल मळलं. दांडी मळली. मग वाटलं, खरं ओझं तर चाक वाहतं. दोन्ही चाकांच्या रिंगा मी लोण्यानं मळल्या, गोल गोल, सगळीकडून, चकाकेपर्यंत. घंटीपाशी तोंड नेऊन आवतन दिलं. सुनंदा अन् मुक्ता शेजारी गेलेल्या, भानुदास कामावर. कोणी बघितलं नाही.

पोळ्याच्या सकाळी दहावीचा जादा तास होता. अंधुकच होतं, मुक्ता घाईत निघाली. गावाबाहेर ओढ्याचा उतार आहे. तिनं ब्रेक दाबला. ब्रेकचं रबर लोण्यावरून घसरत राहिलं अन् सायकल पुलाच्या कठड्यावर गेली.

वाटेनं जाणाऱ्या दोघांनी पोरीला घरी आणलं, तिसऱ्यानं सायकल. उजवं मनगट मोडलेलं. पुढचं चाक असं दुमडलेलं, जशी पोळी. भानुदासनं आधी पोरीकडं बघितलं, मग चाकाकडं.

"बसली," म्हणाला.

मुक्ताच्या दोन्ही तळव्यांना हळद लागली होती. तिला कळलं होतं. ती माझ्याकडं बघत बापाला म्हणाली, "मीच जोरात होते, बाबा. उतारावर हात सोडला."

अन् मी तोंडाला पदर लावून उभी राहिले.

*

हे मी बायकांना सांगत नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. दवाखान्यातून पोरीचं प्लॅस्टर निघालं. सायकल गोठ्यात पडून. मी रोज ठरवायची, आज सांगू. भानुदास जेवायला बसला की सांगू. तो जेवून उठायचा. मला भीती कशाची होती? लेक मारणार नव्हता. फक्त म्हणाला असता, "माय, तुला कळतं काय?" तेवढंच. तेवढ्यासाठी मी गप्प बसले.

शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, वर्ष घालवू नका. परीक्षेच्या फॉर्मला चारच दिवस राहिलेत."

भानुदासनं त्यांना चहा पाजला. "सायकलच न्हाई बाई, पाठवू कशी? अन् पोरीला सायकल झेपत न्हाई. हात सोडती."

मी चुलीपाशी होते. मुक्तानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, मला अडचण नको म्हणून. चार दिवस गेले. फॉर्म राहिला. तिच्या बरोबरीच्या पोरी पुढं गेल्या, ती मागं राहिली. आता हे मी सांगतीय अन् तीच लिहून घेतीय. म्हणते, "आजी, हे राहू दे ना." म्हटलं, न्हाई, लिही.

*

दिवाळीनंतर हिमायतनगरकडचं स्थळ आलं. सुनंदा रडली, "अजून सोळावं लागलं न्हाई तिला." भानुदास म्हणाला, "नुसतं बघून जातील. घरी बसून तरी काय करून राहिली?"

पाहुणे आले. तीन गडी, एक बाई. मुक्ता पोह्यांच्या बशा घेऊन आली. मनगट नीट बसलं नव्हतं, बशी देताना हात थोडा वाकडा व्हायचा. ती बाई चाणाक्ष. "हाताला काय झालं, बाळ?"

भानुदास हसत म्हणाला, "सायकलवरून पडली. जरा दांडगी हाय, काय न्हाई."

माझ्या तोंडातून निघून गेलं. "दांडगी न्हाई ती. पडली बी न्हाई. मी पाडली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी थांबले नाही. म्हटलं, "रिंगला लोणी मी लावलं. लोणी अन् हळद. पोळ्याचं. सायकलीचे खांदे मळले अन् तिला जेवायचं आवतन दिलं. पोरीला ठाऊक हाय, तिनं माझ्यापायी आळ घेतला."

मग पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं जपून विचारलं, "सायकलीला आवतन दिलं?"

"हाव. घंटीत."

ते एकमेकांकडं बघायला लागले. ती बाई हळूच पलीकडच्याला म्हणाली ते मला ऐकू आलं, "रक्तात असतंय असलं. पोरांत उतरतंय." उठले, चपला घातल्या. पोहे मात्र संपवून गेले.

भानुदास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ते दुमडलेलं चाक मोटारसायकलच्या मागं बांधलं अन् अहमदपूरला गेला. सरळ करून आणलं. सायकलीला बसवलं. रशीदभाईंनी दिलेली मशीनच्या तेलाची इवलीशी बाटली खुंटीला अडकवली, माझा हात पुरणार नाही इतकी उंच.

*

मुक्ता पुन्हा दहावीला बसली, आपल्याहून लहान पोरींच्या बाकावर. गुण असे पडले की बाई पेढे घेऊन घरी आल्या. मग बारावी झाली. मग टपालाच्या नोकरीची जाहिरात आली. गावोगाव टपाल वाटायचं, दहावीच्या गुणांवर निवड. भानुदासनं तो कागद हातात घेतला. तो सावकाश वाचतो, बोट ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं.

"सायकल चालवता येणे आवश्यक," त्यानं मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. कागद मुक्ताला दिला अन् थापी उचलून कामावर गेला.

यादीत तिचं नाव लागलं. हजर व्हायला गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "सायकल खरंच येते, का नुसतं फॉर्मवर लिहिलंय?"

मुक्ता म्हणाली, "येते सर. ब्रेक लागत नसला तरी येते."

साहेबांना काय कळलं देव जाणे, पण शिक्का मारला.

*

आमच्याकडं कामावरून आलेल्या गड्याला आधी उंबऱ्यात पाणी देतात. तांब्या हातात दिल्याशिवाय कोणी त्याच्याशी बोलत नाही. बाई बाहेरून आली तर ती आपल्या हातानं रांजणातून घेते. माझ्या सासऱ्याला मी दिलं, नवऱ्याला दिलं. भानुदासला आधी मी अन् नंतर सुनंदानं. मला आजवर कोणी दिलं नाही, अन् ते कोणाला खटकलं नाही, मलाही नाही.

मुक्ताचा नोकरीचा पहिला दिवस. तीन गावं फिरून ती उन्हं उतरताना आली. सायकल भिंतीला लावली, खांद्यावरची टपालाची पिशवी काढली अन् चपला सोडायला वाकली. भानुदास त्या दिवशी लवकर आला होता, ओसरीवर बसला होता. सुनंदा आत भाकरी थापत होती. मी उठायला लागले.

"तू बस, माय," तो म्हणाला.

उठला, आत गेला, रांजणातून तांब्या भरला. बाहेर येऊन उंबऱ्यात उभा राहिला अन् लेकीपुढं धरला.

ती उभ्यानंच सगळं पाणी प्यायली.